आबोंगवहिनीची भट्टी

माझ्या वहिनीचं नाव आबोंग. तैपेईच्या दक्षिणेला आमचं गांगशान, तिथं हे नाव ऐकलं की माणूस लगेच ओळखतो, हिच्या आधी घरात मुलीच मुली झाल्या असणार. 'झालीच आहे तर वाढवा आता' एवढाच त्या नावाचा अर्थ. बापानं नाव ठेवलं आणि पाठ फिरवून शेतावर निघून गेला. तिची आई सांगायची, ही पोर कधी रडायचीसुद्धा नाही, नुसती टकामका बघायची. मी म्हणते, रडून कोण येणार होतं? ते तिला तेव्हाच कळलं असणार.

मी आलुआन, तिची नणंद. हवाई तळाच्या भिंतीला लागून माझं बोकडाच्या रश्श्याचं दुकान आहे. हिचं तोंड रश्श्याहून तिखट, असं गिऱ्हाईकं म्हणतात, आणि काही खोटं नाही म्हणत. ज्याला गोड ऐकायचं असेल त्यानं पुढच्या चौकात मधवाल्याकडे जावं. वहिनीबद्दल गावात काय काय बोलतात ते मला ठाऊक आहे. बाई नाही, नागीण आहे म्हणतात. डूख धरला म्हणतात. हो, धरला! का धरला ते मात्र कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

आमच्या गावात डोक्यावर विमानं आणि पायाखाली बोल्ट. शिकाऊ वैमानिक सकाळपासून घिरट्या घालतात आणि त्याच आवाजात आमची पोरं झोपतात. जपानी हरून गेले तेव्हा त्यांच्या विमान कारखान्याचं भंगार रानभर पडलं होतं. चुआंगशेठच्या बापानं ते हातगाडीवर घालून घरी आणलं आणि त्याचे बैलगाडीचे खिळे केले. चुआंगशेठनं सायकलचे बोल्ट केले, मग पंपाचे, आणि मग एक दिवस विमानाचे. समुद्रापलीकडचं गिऱ्हाईक मिळालं. त्या दिवशी त्यानं गल्लीभर फटाके लावले आणि माझ्या आईच्या दुकानातला सगळा रस्सा विकत घेऊन लोकांना फुकट वाढला. माणूस दिलदार होता, हे मी नाकारत नाही. पण दिलदार माणूस खोटं बोलत नाही, असं कुणी सांगितलंय?

एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडे कुणी एकटा बोल्ट करत नाही. एका गल्लीत तार ओढतात, दुसरीत डोकं ठोकतात, तिसरीत आटे पाडतात. आपल्याला जे जमत नाही किंवा ज्याला वेळ नाही, ते काम सरळ शेजाऱ्याला ठेक्यावर देऊन टाकायचं. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. अख्खं गाव त्यावर जगतं.

वहिनी पोरवयातच चुआंगशेठकडे आटे पाडायच्या यंत्रावर लागली. माझा दादा थिआम तिथंच भट्टीवर होता. दादा म्हणजे गरीब गाय. कुणी त्याच्या पायावर पाय दिला तर हाच विचारायचा, "लागलं नाही ना तुला?" आई कपाळाला हात लावायची. तर ह्या पोरीला घरून डबा मिळत नाही हे दादाच्या लक्षात आलं. तो आपला डबा भट्टीवर गरम करायचा, अर्धा तिच्या यंत्राशेजारी ठेवायचा आणि निघून जायचा. कितीतरी महिने हे असं चाललं, आणि बोलायचं म्हणाल तर एक अक्षर नाही. शेवटी तिनंच विचारलं, "लग्न झाल्यावर तरी अख्खा डबा देशील, की तेव्हाही अर्धाच?" दादानं घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा कानापर्यंत लाल झाला होता. अशी ती आमच्या घरात आली. आली ती माझ्या आईच्या घरात सून म्हणून, पण आठ दिवसांत घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला होत्या, आणि आईनंच त्या आपल्या हातानं लावल्या होत्या.

आता ज्या घाण्यानं, म्हणजे बोल्टच्या ज्या एका खेपेनं, सगळं बिघडलं त्याचं सांगते. विमानाच्या बोल्टला गंज चढू नये म्हणून टाक्यांमध्ये बुडवून मुलामा देतात. त्या बुडवण्यात पोलादाच्या अंगात वायू मुरतो. मग लगेच, अगदी दोन-चार तासांतच, तो बोल्ट भट्टीत घालून चांगला शेकावा लागतो, म्हणजे वायू निघून जातो. शेकला नाही तर बोल्ट दिसायला लखलखीत आणि आतून ठिसूळ. ताण आला की काडकन मोडतो. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत.

नव्या वर्षाची सुट्टी तोंडावर आली होती, जहाज सुटायचं होतं, आणि मोठा घाणा मुलाम्यातून उशिरा बाहेर आला. दादा भट्टी पेटवायला गेला. चुआंगशेठ म्हणाला, "राहू दे रे, एवढ्यानं काही होत नाही. पेट्या भर." दादा म्हणाला, "शेठ, नको." शेठ म्हणाला, "तुझ्या बापाचा कारखाना आहे का?" दादानं पेट्या भरल्या. त्या रात्री तो जेवला नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं. वहिनीला त्यानं सगळं सांगितलं, मला सांगितलं. पण आम्ही पडलो घरच्या बायका. आमच्या शब्दाला कोण विचारतो?

घाणा परत आला. तिकडच्या परीक्षेत बोल्ट काडकाड मोडले. विमानात बसायच्या आधी मोडले हे नशीब, नाहीतर माणसं मेली असती. आता गिऱ्हाईक जाणार, कारखाना जाणार, म्हणून चुआंगशेठनं सगळ्या कामगारांना अंगणात बोलावलं आणि दादाकडे बोट दाखवलं. "हा झोपला होता. भट्टी लावायची विसरला. ह्यानं आपल्या सगळ्यांच्या पोटावर पाय आणला."

दादा म्हणाला, "शेठ, तुम्हीच म्हणालात ना राहू दे?"

"मी? मी म्हणालो?" शेठ हसला. "ऐका! चोराच्या उलट्या बोंबा!"

दादा मागं सरला. त्याला दुसऱ्यांदा बोलता यायचंच नाही. वहिनी मात्र यंत्र सोडून पुढं आली, हात तेलानं माखलेले, आणि म्हणाली, "नगरदेवाच्या देवळात चला शेठ. कोंबडा कापा."

आमच्याकडे ही शेवटची पायरी. पोलीस, पंच, सगळे थकले की दोघांनी नगरदेवासमोर उभं राहायचं, ज्याला खोटं म्हटलंय त्यानं शपथ घ्यायची आणि पांढऱ्या कोंबड्याची मान उडवायची. खोटं बोललो तर माझंही असंच होवो. खोटा माणूस सहसा देवळापर्यंत येतच नाही. त्याला नेमका त्या दिवशी ताप येतो, नाहीतर मामा मरतो. वहिनीला वाटलं, हा येणार नाही आणि न येण्यातच सगळं उघडं पडेल. आमच्याकडे कुणालाही असंच वाटलं असतं. तिथंच ती फसली.

मुडदा बशिवला त्याचा, तो आला! नवा सदरा घालून, केसांना तेल लावून आला. कामगार सगळे मागं उभे, तोंडात सुपारी, माना खाली. त्यानं कोयता घेतला आणि देवाच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाला, "मी थिआमला भट्टी टाळायला सांगितलं असेल, तर माझा कारखाना बंद पडो आणि माझ्या हाताखाली एकही माणूस न उरो." कोंबड्याची मान पाटावरून उडाली. रक्ताचा थेंब माझ्या पायावर पडला. मी तिथंच ओरडले, "मेल्या, तुला देव बघतोय!" पण माझं कोण ऐकतो? लोक म्हणाले, देवासमोर कोण खोटं बोलेल? झालं, निकाल लागला. दादा खोटा.

त्यानंतर दादाला गांगशानात कुणी दारात उभं केलं नाही. देवानं खोटा ठरवलेला माणूस भट्टीवर कोण ठेवणार? शेवटी तो काओश्युंगच्या बंदरात गेला, जुनी जहाजं तोडायच्या कामावर. भट्टीवर आयुष्य गेलेला माणूस, त्याला उंचावर चढायची सवय नव्हती. वर्षही झालं नाही आणि जहाजाचा एक पत्रा सुटून त्याच्या अंगावर आला. घरी आणला तेव्हा वहिनीनं त्याला स्वतः आंघोळ घातली. कुणाला हात लावू दिला नाही, मलासुद्धा नाही. तिच्या पदरात मूलबाळ नव्हतं. प्रेतयात्रेला चुआंगशेठच्या कारखान्यातलं एक माणूस आलं नाही.

आम्ही दोघी मग वाट बघत बसलो. देवाची. आज करील, उद्या करील. आणि चुआंगशेठचं काय झालं? त्याचं गिऱ्हाईक टिकलं! मजला चढला! नवी गाडी आली, ती लावायला जागा नव्हती म्हणून त्यानं आपली जुनी भट्टीच पाडली आणि शेकायचं काम पलीकडच्या गल्लीतल्या म्हाताऱ्याला ठेक्यावर देऊन टाकलं. ज्या भट्टीवरून माझा भाऊ गेला तिथं आता गाडी! आणि कहर ऐका, देवळाच्या छपरावर दोन रंगीत नाग, ड्रॅगन म्हणतात ते, बसवायचे होते, ते ह्यानं बसवून दिले. खाली स्वतःचं नाव कोरून. मी त्या देवळात जायचं सोडलं.

वहिनी मात्र गेली. मला बरोबर घेऊन गेली, म्हणाली, "वन्सं, साक्षीला चला." उदबत्त्या लावल्या आणि देवासमोर उभी राहिली, नमस्कार नाही, काही नाही. म्हणाली, "देवा, तुझ्याकडे काम फार आहे, दिसतंय मला. तुझं ह्या एका कामाकडे लक्ष होईना. आपल्या गावात असं झालं की माणूस काय करतो? काम बाहेर देतो. हे काम मला दे. कारखाना बंद पाडायचा आणि हाताखाली एकही माणूस ठेवायचा नाही, एवढंच ना? मी करते. पण एक गोष्ट माझ्यासाठी. थिआमनं 'नको' म्हटलं होतं, हे त्याच्या तोंडून इथं, सगळ्यांसमोर यायला पाहिजे. मग काम पुरं झालं असं समज."

पुजारी दातओठ खात होता. मी त्याला म्हटलं, "काय बघतोस? छपरावरचे नाग मोज."

तिनं घरातल्या बैठकीत आटे पाडायचं एक जुनं यंत्र बसवलं. तेव्हा अर्ध्या गावाच्या बैठकीत यंत्रंच होती, त्यात नवल नव्हतं. गेलेल्या माणसाच्या नावाची पाटी आम्ही देवघरात पुजतो; वरच्या मजल्यावर दादाची पाटी आणि तिच्या खाली हे यंत्र धडधडायचं. स्कूटरचे बोल्ट, पंख्यांचे बोल्ट, मिळेल ते काम. जेवायची माझ्याकडे, रश्श्याच्या भांड्यावर उभ्या-उभ्या. मी म्हणायची, "अगं बस तरी." ती म्हणायची, "बसले की झोप येते वन्सं, आणि झोपले की तो दिसतो." मी वाडग्यात आणखी दोन तुकडे टाकायची.

मग पलीकडच्या गल्लीतला भट्टीवाला म्हातारा थकला. त्याची पोरं तैपेईला नोकरीला, भट्टीत कुणाला रस नाही. वहिनीनं यंत्र विकलं, घर गहाण टाकलं आणि भट्टी घेतली. लोक म्हणाले, बाईला वेड लागलं, शेकायच्या कामात काय मिळतं? चिल्लर. पण तिचं गणित वेगळं होतं. विमानाचा बोल्ट मुलाम्यातून निघाला की लगेच शेकायला हवा. दुसरी अशी भट्टी होती ताइनानला. तिथं माल पोचेपर्यंत वेळ टळून जाते. म्हणजे गांगशानात ज्याला विमानाचा बोल्ट करायचाय त्याला हिच्या दारावरूनच जावं लागणार. माझ्या धाकट्या मुलीला इंग्रजी येत होतं, तिनं परदेशी गिऱ्हाइकांचे कागद पुरे केले. भट्टीला मान्यता मिळाली आणि गावभरच्या पेट्या वहिनीच्या अंगणात येऊ लागल्या.

एकाच्या येईनात. म्हणजे येत होत्या, ती घेत नव्हती.

पहिल्यांदा चुआंगशेठचा माणूस आला, तो पेट्यांसकट परत. मग शेठनं दुसऱ्याच्या नावानं माल पाठवला. पण विमानाच्या बोल्टच्या डोक्यावर करणाऱ्याची खूण ठोकलेली असते. वहिनीनं एक बोल्ट उचलून बघितला आणि पेटीत टाकला. ती पेटी मी स्वतः हातगाडीवर घालून नेली. त्याच्या दारात उभी राहून अशी बोंब मारली, की हवाई तळावरचे शिपाई भिंतीवरून बघायला लागले. "अहो शेठ! चोरून माल पाठवता? ताकाला जाता आणि भांडं लपवता? घ्या तुमचं पोर परत!" काय गोड वाटलं म्हणून सांगू! आजही आठवलं की जेवण जास्त जातं.

शेवटी तो स्वतः आला. मी तिथं होते. खुर्ची कुणी दिली नाही.

"आबोंग," तो म्हणाला, "धंदा आहे, भांडण कशाला? दुप्पट घे."

"मला काही नको. देवळात चला, आणि त्या दिवशी काय झालं ते सांगा. त्याच दुपारी तुमचा माल भट्टीत घालते."

"झालं गेलं गंगेला मिळालं म्हणावं गं. थिआम माझ्या भावासारखा होता."

"म्हणून त्याला पुरायलाही आला नाहीत!" हे मी म्हटलं. वहिनी उठून भट्टीकडे गेली.

तो हट्टाला पेटला. ट्रकवर माल घालून ताइनानला पाठवू लागला. रस्त्यात कधी गर्दी, कधी वादळ, वेळ टळायची, घाणेच्या घाणे फुकट जायचे. परदेशी गिऱ्हाईक एकदा ऐकून घेतं, दोनदा ऐकून घेतं, मग दुसरीकडे जातं. तसंच झालं. त्याची माणसं पगाराला मोताद झाली आणि एकेक करून वहिनीच्या दारात आली. तिनं प्रत्येकाला घेतलं. एकालाही 'का रे आलास' विचारलं नाही. मुलाम्याच्या टाक्यांवरचा किमसुई आला, त्याला तर तिनं मुकादम केलं. मी म्हटलं, "वहिनी, हे प्रेताला सुद्धा आले नव्हते." ती म्हणाली, "त्यांना काय ठाऊक वन्सं, देवानं सांगितलं ते त्यांनी मानलं. त्यांचा काय दोष?" असं मन होतं तिचं, तेव्हा. त्यांच्या पोरांच्या लग्नात ती मांडव घालायला उभी राहिली. किमसुईची बायको पाओचू बाळंतपणात अडली तेव्हा वहिनी भट्टी सोडून इस्पितळात बसली होती.

आणि एक दिवस चुआंगशेठच्या कारखान्याचं दार लागलं. आत तो आणि त्याची बायको. हाताखाली एक माणूस नाही. कोंबडा कापताना तो जे बोलला होता ते शब्दाला शब्द झालं. मी दुकानात आलेल्या प्रत्येकाला त्या दिवशी मटण जास्त घातलं.

तो आला. केस काळे केलेले, पण खांदे पडलेले. "चल," म्हणाला. "कधी म्हणतेस?"

सणाचा दिवस धरला, म्हणजे देवळात सगळे असतील. वहिनीनं नवे कपडे घातले. दादा गेल्यापासून पहिल्यांदा. तिचे कामगार सगळे बायकापोरांसह आले. चुआंगशेठ देवासमोर उभा राहिला आणि आवाज चढवून, काही न लपवता बोलला. ह्याचं श्रेय मी त्याला देते, कारण मी पक्की आहे पण खोटी नाही. तो म्हणाला, "थिआम भट्टी लावायला निघाला होता. मीच त्याला अडवलं. तो 'नको' म्हणाला, मी त्याचा बाप काढला. मग इथं येऊन मी खोटी शपथ घेतली. थिआम खरा होता."

वहिनी तोंडावर हात धरून रडायला लागली. कधी न रडलेली बाई ती, तिला ते नीट जमतही नव्हतं. मी तिला धरलं. मीही रडत होते.

आणि मागून किमसुईचा आवाज आला. चांगल्या मनानं बोलला हो तो, तिची समजूत घालायला. "उगी वहिनी, उगी. एवढं काय मनाला लावून घेतलंत? आम्हाला तर तेव्हापासूनच माहीत होतं. आम्ही टाक्यांपाशीच उभे होतो की!"

"हो ना," दुसरा म्हणाला. "थिआमदादाबद्दल आम्ही कधी मनात वाईट आणलं नाही."

"चुकूनही नाही," तिसरी म्हणाली.

सगळे माना हलवत होते. प्रेमानं! जसं काही तिला आहेर करत होते.

वहिनीनं डोळे पुसले. "तू ऐकलंस, किमसुई? 'नको' म्हणाला ते?"

"ऐकलं ना. अगदी शेजारीच होतो."

"आणि कोंबडा कापला तेव्हा?"

"तेव्हाही होतो. पण काय करणार वहिनी, पोरं लहान होती. शेठनं काढलं असतं तर कुठं गेलो असतो?"

मला पुढचं भान नाही. पायातली चप्पल काढून मी त्याच्या तोंडावर दोनदा मारली, एवढं लोक सांगतात. देवळात. मला लाज नाही वाटत. तुझी पोरं लहान होती, आणि माझ्या वहिनीला पोर व्हायच्या आत तिचा नवरा पत्र्याखाली गेला त्याचं काय रे भाड्या? एक शब्द! त्या सगळ्यांतून कुणी एकानं एक शब्द टाकला असता तर दादा आज दारात बसून नातवंडं खेळवत असता.

वहिनीनं मला ओढून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी भट्टीच्या दारात ती उभी राहिली आणि चुआंगशेठकडून आलेल्या प्रत्येकाला तिथूनच परत पाठवलं. ज्याचं जे देणं होतं ते दिलं. किमसुई गयावया करत होता. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. आणि शब्द दिल्याप्रमाणे त्या दुपारी चुआंगशेठचा माल घेतला. तो म्हणाला, "मला आता माणसं लागतील. तू काढलेली मी घेऊ?"

"एकालाही घेतलंत तर तुमची पेटी पुन्हा ह्या दारातून आत येणार नाही."

"अगं पण त्यांनी केलं काय?"

"काही केलं नाही," वहिनी म्हणाली. "तेच केलं."

भट्टी निम्म्या माणसांवर चालेना. परदेशी गिऱ्हाईक ओरडायला लागलं. वहिनी स्वतः जाळ्या उचलायला लागली, ह्या वयात, हात भाजून घेऊ लागली. गावात दुसऱ्या कुणी त्या लोकांना घेईना, कारण प्रत्येकाचा माल हिच्याच भट्टीत यायचा. दादाची गत त्यांची झाली. आधी मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मग पाओचू माझ्या दुकानात आली. जेवायला नाही, नुसती कोपऱ्यात उभी राहिली. म्हणाली, "आलुआनताई, किमसुई बंदरावर काम बघायला गेलाय." दादाला खाल्लेलं तेच बंदर.

मी संध्याकाळी वहिनीकडे गेले. म्हटलं, "हे सगळं दादाच्या नावानं चाललंय ना? मग दादालाच विचार."

ती मला घेऊन वर गेली. मग देवघरातून कौल लावायची लाकडी चंद्रकोरीची जोडी काढली. एक उताणी, एक पालथी पडली की 'हो'. दादाच्या पाटीपुढं गुडघ्यावर बसून ती म्हणाली, "थिआम, ह्यांना परत घेऊ?"

टाकली. एक उताणी, एक पालथी.

तिनं पुन्हा टाकली. 'हो'. मोठ्या गोष्टीला तीनदा लागतो कौल, म्हणून तिसऱ्यांदा टाकली. एक घरंगळत माझ्या पायाशी आली आणि उताणी थांबली. दुसरी पालथी.

मला हसू आलं, रडू आलं. "बघ! असाच होता तो! पायावर पाय दिला तरी त्यालाच विचारणारा, लागलं का म्हणून! सोड आता वहिनी. दादानं सोडलंय."

तिनं दोन्ही चंद्रकोरी गोळा केल्या, पदरानं पुसल्या, जागेवर ठेवल्या. उदबत्ती लावली. मग दादाच्या पाटीला म्हणाली, अगदी शांतपणे, जसं काही तो डब्याला हात लावून समोर बसला होता, "तू मेलास, सुटलास. त्यांच्यात जगले मी."

आणि जिना उतरून ती भट्टीवर गेली. त्यांतल्या एकालाही तिनं परत घेतलं नाही.